दोन जाहीरनामे आणि एक वाटी

अगं, आधी कान इकडे कर. ओरडायचंय मला. घरच्या ग्रुपवर काय लिहून मोकळी झालीस, की सगळे पक्ष सारखेच, यंदा मत द्यायचंच नाही? सारखे आहेत की नाहीत हे कळायला आम्हा दोन म्हाताऱ्यांना कितीतरी दुपारी घालवाव्या लागल्या. तुला जेवता जेवता कसं कळलं?

दोन म्हाताऱ्या म्हणजे मी आणि समोरची. लहानपणी सुट्टीत दहिसरला आलीस की जिच्याकडे घावणे खायला पळायचीस, ती मालवणी मावशी. आमच्या मजल्याची रीत तुला आठवतच असेल. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. काहीच नसलं घरात तर चिमूटभर साखर घालायची.

गेल्या लोकसभेला आमचं वाजलं. तिचा पक्ष वेगळा, माझा वेगळा, हे जुनंच. पण त्या वेळी जिन्यात उभं राहून एकमेकींच्या पुढाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या आम्ही. दुसऱ्या दिवशी माझी वाटी परत आली. घासलेली, पुसलेली, रिकामी. मग दोन्ही दारं बंद. तुझे काका गेले तेव्हा ती न सांगता आली, स्वयंपाकघरात शिरली आणि माणसं येतील तसा चहा करत राहिली. त्यानंतर त्या भांडणावर बोलायची गरजच उरली नाही.

म्हणून यंदा निवडणूक लागली तरी मी तिच्यापुढे तो विषयच काढला नाही. या वयात पुन्हा ती रिकामी वाटी नको गं.

तर एका दुपारी हीच दारात. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात दोन्ही पक्षांचे जाहीरनामे, छापून आणलेले. मोतीबिंदूमुळे तिला बारीक अक्षर दिसत नाही.

"माका वाचून दाखय गो. पण तुझ्या पक्षाचा इला की आवाज गोड करू नको."

"आणि तुझ्या पक्षाचं आलं की?"

"तेव्हा चष्मो पूस आणि नीट वाच."

मग रोज दुपारी मी वाचायची, ती मेथी निवडायची. आमची कसोटी एकच. बिनलिफ्टची बिल्डिंग आमची, तर दिलेलं वचन आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतं का?

महागाई दोघेही कमी करणार. कशी, ते कुणी लिहिलेलं नाही. "पुढे चल," म्हणाली. मग दवाखान्याचं आलं. तिचा पक्ष विम्याचं कार्ड देणार, माझा सरकारी दवाखाने वाढवणार. मला वाटलं, आता ही कार्ड नाचवणार. तर म्हणते, "कार्ड घेवन जाऊ खंय? जवळ दवाखानो नको?" मग मलाही गप्प बसवेना. म्हटलं, दवाखाना बांधतील, पण त्यात औषधं कधी येणार ते आमच्यांनीही लिहिलेलं नाही, तोवर कार्ड बरं की! एकमेकींच्या पक्षाची वकिली करत बसलो नि हसत सुटलो. पण बघ हं, एक पक्ष पैसा माणसाच्या कार्डावर देतो, दुसरा दवाखान्यात घालतो. हा फरक लहान आहे?

नोकऱ्यांवर आलो आणि वाट लागली. तिचा पक्ष म्हणतो, कंत्राटी कामगारांना कायम करू. माझा म्हणतो, नियम सैल करू, म्हणजे कारखाने वाढतील, जास्त माणसं लागतील. मी बोलून गेले, "कायम करा म्हटलं की मालक माणसं घेतच नाहीत." तिचा मुलगा कितीतरी वर्षं कंत्राटावर आहे.

"म्हणजे माझ्या झिलान जन्मभर असोच रवाचा?" मेथी तशीच टाकून उठली आणि गेली.

उरलेली मेथी मी निवडली, भाजी केली, वाटी तिच्या दारात नेऊन दिली. घेतली तिने आणि दार लावून घेतलं. पुढचे दोन दिवस माझं लक्ष सगळं दाराकडे.

काल बेल वाजली. माझीच वाटी, आणि तिच्यात काठोकाठ उसळ, गावाहून आलेल्या ओल्या काजूगरांची.

"ता नोकरीचा पान परत वाच. अख्खा वाच."

आवाज गोड न करता वाचलं. कायम करणार ते सरकारी खात्यांतल्यांना, आणि मुलगा तर खाजगी कंपनीत. तिने कागद माझ्या हातातून घेऊन घडी घातली.

"म्हणजे तिसऱ्या माळ्यार नाय चढला."

"आमचंही नाही चढलं गं. जास्त माणसं लागतील म्हणतात, तुझ्या मुलाला कायम कोण करणार ते कुठे लिहिलंय?"

"तरी मत मी त्यांकाच देतलंय. तेंनी विषय तरी काढल्यानी. तू तुझा दी."

"देणारच आहे," म्हटलं, आणि दोघींनी बसून उसळ खाल्ली.

आता तुझं. पुण्याला गेलीस तरी तुझं नाव इथल्याच मतदारयादीत आहे. मी तिच्या पक्षाचं वाचेन, ती माझ्या पक्षाला टोमणे मारेल, मत तुझं तू ठरव. फक्त मतदानाच्या आदल्या दिवशी धावत नको येऊस. वाटी आज मी धुऊन ठेवलीय, तिच्याकडे काय घालून पाठवू सुचत नाहीये. लवकर ये, तूच घेऊन जा समोर.