न दुखणारा पाय

नवऱ्याला मी कधी नावाने हाक मारली नाही, पण सांगायलाच बसले आहे तर पुरतं सांगते. दयाराम टेंभेकर. मूळ गाव भंडारा जिल्ह्यातलं, नोकरी लखनऊला, रेल्वेत, चिनहटकडच्या लाइनीवर कीमॅन. कीमॅन म्हणजे सकाळी हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून रुळाच्या कडेने चालत जाणारा माणूस. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकायची आणि पुढे व्हायचं. रोजचे बारा-तेरा किलोमीटर, तेही गिट्टीवरून. अशी बत्तीस वर्षं चाललेल्या माणसाचा उजवा पाय वाचवायचा होता आणि आम्हाला तो वाचवता आला नाही, एवढीच ही गोष्ट. चूक कोणाची ते तुम्ही ठरवा. निम्मी माझी आहे हे मी आधीच कबूल करून ठेवते, म्हणजे नंतर कोणी शहाण्याने मला शिकवायला नको.

शुगर नऊ वर्षांपूर्वी निघाली. निघणारच होती. यांचे वडील शुगरनेच आंधळे झाले, थोरली बहीण किडनी जाऊन गेली. घराणंच तसं. त्यात गावाकडचा सुपारी-तंबाखूचा खर्रा सुटला आणि इथली खैनी लागली, म्हणजे तंबाखूच. ड्यूटीवर निघताना कोपऱ्यावरच्या दुकानात दही-जलेबी, कारण लखनऊत तो नाश्ताच असतो म्हणे. आणि लाइनीवर गँगसोबत दिवसाला सात-आठ चहा, चमचा उभा राहील एवढ्या साखरेचे. काही बोललं की उत्तर ठरलेलं, "मी रोज तेरा किलोमीटर चालतो. चालणाऱ्या माणसाला शुगर काय करते?" डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, त्या आठवल्या तर घ्यायच्या.

तीन वर्षांपूर्वी यांचे तळपाय जळायला लागले. साधं जळणं नाही. ड्यूटीवरून आले की बादलीत पाय घालून बसायचे, पाणी कोमट झालं की मला बदलायला लावायचे. चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही. एवढा रांगडा माणूस, पण डोळ्यांत पाणी यायचं. मला बघवेना. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये नीलम म्हणून आहे, इकडचीच, बाराबंकीची. ती म्हणाली, "दीदी, जामुन की गुठली सुखाकर पीस लो, सुबह-शाम एक चम्मच. मेरे ससुर का पैर इसी से ठीक हुआ." मी कामाला लागले. जांभळं आणली, बिया वाळवल्या, कुटल्या, वस्त्रगाळ केल्या. ती पुडी वर्षभर न चुकता दिली.

आणि काय सांगू, जळणं कमी झालं! आधी रात्रीचं गेलं, मग दिवसाचं, आणि एक दिवस हे म्हणाले, "आता काहीच होत नाही बघ. पाय कसे थंडगार झाले." मी अख्ख्या कॉलनीत मिरवले. माझ्या पुडीने केलं, रेल्वेच्या डॉक्टरला जमलं नाही ते मी केलं, असं कोणाकोणाला म्हणून सांगितलं नाही! मग यांनी गोळ्या बंद केल्या. "रोग गेला, आता गोळ्या काहून खायच्या?" मी हो म्हटलं. मीच गोळ्यांचा डबा उचलून कपाटात वर ठेवला. आमचा आशुतोष सरकारी विमा कंपनीत आहे, शिकलेला आहे. तो म्हणाला, "आई, एक बार टेस्ट तो करवा लो यार." त्याला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच देतो. मी म्हटलं, हाताच्या काकणाला आरसा कशाला?

मग आली यंदाची चौदा एप्रिल.

आमची इथली मराठी घरं थोडी, पण जयंतीला सगळी जमतात, छावणीतली, बख्शी का तालाबकडची, सगळी. विहाराचं अंगण नवीन लाल दगडाचं आहे, त्या दिवशी रांग मोठी होती आणि वंदनेला उशीर झाला. दुपारचा एक वाजलेला. चपला-बूट फाटकाबाहेर. लखनऊचं एप्रिलमधलं ऊन ज्याने खाल्लंय त्यालाच ठाऊक. बायका पोरांना कडेवर घेऊन या पायावरून त्या पायावर नाचत होत्या, म्हातारे सावलीच्या पट्टीत पाय खुपसत होते, कोणी ओली गोणपाटं अंथरत होतं. यांच्या हातात पंचशील ध्वज होता. हे दीड तास त्या दगडावर एका जागी उभे राहिले. पाय उचलला नाही, जागचे हलले नाहीत. पांढरा शर्ट, ताठ मान.

लोक बघत राहिले. पोरांना दाखवायला लागले, "टेंभेकरकाका बघा, निष्ठा याला म्हणतात!" संयोजकांनी माइकवरून नाव घेतलं. कोणीतरी फोटो काढला, तो ग्रुपवर फिरला. आणि मी काय केलं? मी पदर सावरून त्या फोटोत यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, अर्थात गोणपाटावर. अशी फुगले होते मी त्या दिवशी! एकाच्याही डोक्यात आलं नाही, की या माणसाला चटका लागत कसा नाही? दीड-दोनशे माणसं होती. त्यात मास्तर होते, नर्स होती, इंजिनिअर होते. आणि मी होते, छत्तीस वर्षं त्या पायांजवळ झोपलेली.

दुसऱ्या दिवशी यांनी मोजे चढवले, बूट चढवले आणि ड्यूटीवर गेले. तळवा कोण बघतं स्वतःचा? आठव्या दिवशी घरात घाण वास यायला लागला. मला वाटलं उंदीर मेला. पलंगाखाली बघितलं, कपाट सरकवलं, फिनेलने फरशी पुसली. वास जाईना. मग हे खुर्चीवर बसले होते, त्यांच्या पायाजवळ झाडू मारताना वाकले तर तो वास तिथून आला. मोजा ओढला. मोज्याबरोबर कातडं आलं. खाली करंगळी आणि शेजारचं बोट काळंनिळं, तळव्याला रुपयाएवढं भोक आणि त्यातून पू. मी किंचाळले. हे वर्तमानपत्र बाजूला करून म्हणाले, "काय झालं? दुखत तर नाही."

यांना तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत. तिने सगळं विचारून घेतलं, जळणं कधी होतं, कधी थांबलं. मी पुडीचंही सांगितलं, लपवून काय करणार? ती म्हणाली, "आग बुझी नहीं थी, माताजी. नसें मर गई थीं. दर्द होता तो ये पहले ही दिन यहाँ होते. दर्द का न होना, यही तो बीमारी है." जिच्यावर मी मिरवत होते ती माझी पुडी काही करत नव्हती. पाय मरत होता आणि मी पेढे वाटत होते.

मग तिने मुद्द्याचं सांगितलं. खैनीने रक्त आधीच कमी पोचतंय. दोन बोटं आजच काढली तर पाय वाचण्याची चांगली आशा आहे. थांबलात तर काही सांगता येणार नाही.

हे म्हणाले, नाही.

का, तर नोकरी. दोन बोटं गेली की मेडिकल कॅटेगरी उतरणार, लाइनीवरून काढून ऑफिसात बसवणार. रिटायरमेंटला बावीस महिने राहिले होते. "माझ्या बापाने जिंदगी लोकांच्या दाराशी बसून काढली," हे म्हणाले, "मी साहेबाच्या दाराशी स्टूल टाकून बसणार नाही. कीमॅन म्हणून लागलो, कीमॅन म्हणूनच निघीन." आशुतोष चिडला. "पापा, दो उँगलियाँ हैं! सिर्फ दो!" तो माझ्याकडे वळला, "आई, तू बोल ना." माझ्याशी तो मराठीत बोलला, लहानपणानंतर पहिल्यांदाच बहुतेक. मी बोलायला हवं होतं. पण मी यांच्या तोंडाकडे बघितलं. या माणसाने जन्मात एका गोष्टीचा अभिमान बाळगला, आपल्या चालण्याचा. मला वाटलं, मलमपट्टीने भरेल जखम, पोटातून औषधं चालू आहेतच, थोडे दिवस बघू. मी पोराला म्हटलं, "बापाला उलटून बोलू नको." स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो म्हणून सही केली आणि यांना घेऊन आलो. ती सही माझी आहे. द्रौपदी दयाराम टेंभेकर, सुवाच्य अक्षरात.

पाच दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ कंपाउंडर येऊन पट्टी करायचा. तिसऱ्या दिवशी तो माझ्याशी नजर मिळवेना. चौथ्या दिवशी ताप भरला, हे गावातल्या माणसांशी बोलायला लागले, मेलेल्या. पाचव्या दिवशी घोट्यापर्यंत काळं चढलं होतं. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्या घरात बाप आंधळा झाला, बहीण गेली, तरी मागचा शहाणा झाला नाही, आणि मागच्याची बायकोही नाही.

पुन्हा दवाखान्यात नेलं, त्याच डॉक्टरने ऑपरेशनच्या संमतीचा कागद हातात दिला. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. या वेळी बोटं नव्हती, गुडघ्याखालून पाय होता, आणि तोही जीव वाचावा म्हणून.

ऑपरेशन झाल्यावर एक बाई बाहेर आली आणि म्हणाली, पाय घेऊन जाणार की आम्हीच विल्हेवाट लावू? असंही विचारतात, मला माहीत नव्हतं. आशुतोष भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, आमचा आहे, आम्ही नेऊ. पांढऱ्या कापडात बांधून, वरून पिशवीत घालून दिला. ऑटोत मी तो मांडीवर घेतला. हे मला नवी नवरी म्हणून न्यायला आले होते तेव्हा माझ्या माहेरच्या दारात याच पायाने पाऊल टाकलं असेल, असलं काहीबाही डोक्यात येत होतं. जड होता. पायाला एवढं वजन असतं, कल्पना नव्हती.

स्मशानातल्या माणसाने वही उघडली. "मृतक का नाम?"

"जिंदा हैं," आशुतोष म्हणाला.

त्या माणसाने वर बघितलंसुद्धा नाही. "पैर है? शुगर?" आणि पेनाने दाखवलं, "उधर, दीवार के पास. इस महीने का चौथा है."

भिंतीजवळ खड्डा खणून दिला. आमच्यात शेवटी त्रिसरण-पंचशील म्हणतात. पण माणसासाठी म्हणतात. पायासाठी काय म्हणायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी हात जोडले, पहिली ओळ म्हटली आणि पुढचं तोंडातून फुटेना. मला रडू नाही आलं, संताप आला. यांचा, माझा, त्या फोटोतल्या सगळ्यांचा. मी तशीच मागे फिरले.

परत आले तेव्हा हे शुद्धीवर होते. हळूच विचारलं, "कोण कोण होतं?"

"मी आणि आशू."

"वंदना पूर्ण म्हटली ना?"

"म्हटली," मी म्हटलं.

संध्याकाळी डॉक्टर आली. आता डाव्यावर लक्ष ठेवायचं, म्हणाली. यांना डोळे मिटायला सांगायचं, एकेका बोटाला अलगद हात लावायचा, कळलं की यांनी सांगायचं. जिथे कळणार नाही तिथली जास्त काळजी घ्यायची. रोज, न चुकता. "सच-सच बताइएगा, अंकल," असंही यांना म्हणाली. यांनी मान हलवली.

ती गेल्यावर मी पायथ्याशी बसले. म्हटलं, "डोळे मिटा."

यांनी मिटले. मी चादर बाजूला केली. एक पाय तिथे नव्हताच. हात पुढे केला आणि मध्येच थांबले, डोळे भरून आले होते, बोटं दिसेनात.

"कळलं," हे म्हणाले. "अंगठा आहे. चांगलं कळलं."

मी अजून हात लावलाच नव्हता.