तीन वेढ्यांची गाठ

मी शाळेत दोन इयत्ता काढल्या, पुढं गेलो नाही. त्याची लाज मला कधी वाटली नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माझे वडील गलबताचे तांडेल होते आणि त्यांना तर सहीसुद्धा येत नव्हती. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडपं, बुडालेले खडक, फार. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, सगळं त्यांनी एका सुंभाच्या दोरीत गाठी मारून ठेवलेलं. खडपाला एक गाठ, वाळूला दोन. संध्याकाळी ओटीवर बसून ती दोरी बोटांतून सोडत वाट पुटपुटायचे.

एका दुपारी ते झोपले असताना मी तश्शीच दुसरी दोरी करून घेतली. उठल्यावर दाखवली.

"वाच बघू."

मी चार गाठी वाचल्या नि अडलो. बाबा हसले. "मेल्या, गाठ खडप बघून मारायची असते, दोरी बघून नाय. सोड सगळ्या. उद्या माझ्याशेजारी बस."

ओटीवर बसलेले त्यांचे खलाशीही हसले. मला ते झोंबलं. मी दुसऱ्याच्या गलबतावर गेलो, सबंध मोसम बापाशी बोललो नाही.

शिमग्यानंतर बाबा पुळणीवर पडले. उजवा हात गेला, वाचा गेली. मी दोरी घेऊन उशाशी बसलो. एकेक गाठ धरून मी विचारी, ते मान हलवत. असं बरंचसं जमलं. शेवटाकडं एक गाठ तीन वेढ्यांची होती.

"खडप?" नाही.

"वाळू? वळायचं? शीड उतरवायचं?" नाही, नाही.

त्यांनी डाव्या हातानं हवेत काहीतरी काढलं. मला कळेना. पुन्हा काढलं. मी वैतागून दोरी अंथरुणावर टाकली नि म्हणालो, "नीट सांगा की!" बाबा भिंतीकडं तोंड करून रडले. दहा दिवसांनी गेले.

नारळी पुनवेनंतर बाबांचं गलबत मी काढलं. त्या तीन वेढ्यांच्या गाठीच्या जागेपाशी आलो की नांगर टाकायचा, दुसरं गलबत येईतो थांबायचं, मग त्याच्या मागून आत शिरायचं.

"काय तांडेल, वाट चुकलात?" लोक ओरडायचे.

"भरतीची वाट बघतोय," मी म्हणायचो. भरती पुरती असली तरी.

पुढं मी माझी दोरी केली. एकेक जागा डोळ्यांनी बघून, स्वतः गाठ मारून. त्या ठिकाणी मात्र दोरी सपाट आहे, गाठ नाही. तिथं काय आहे ते मला माहीत नाही. कुणाला विचारलंही नाही.