एक दिवस गोळी, एक दिवस दूध

सव्वा महिना झाल्यावर मालीश करणारी मावशी यायची थांबली आणि मुलीची आंघोळ माझ्यावर आली. तोवर मी खाटेवर पडून तिचं रडणं आणि मावशीची बडबड ऐकत असे. आता पाटावर बसून, पाय लांब करून, तिला पायांवर मलाच घ्यायचं होतं. पहिल्याच दिवशी तिच्या तेलकट पाठीखाली हात घातला आणि मनात आलं, हात सुटला तर. नुसतं मनात आलं नाही, ते समोर दिसलं. मी तिला तशीच टॉवेलात गुंडाळली आणि बाहेर येऊन सांगितलं, आंघोळ झाली.

पुढे रोज तसंच. न्हाणीचं दार लावायचं, बादलीत पाणी सोडायचं आणि तिला ओल्या फडक्यानं पुसून काढायचं. दूध पाजताना जरा बरं वाटे. बाकी वेळ मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. मुलगी झोपली तरी मला झोप येत नसे. घरात कोणी टाकून बोलणारं नव्हतं. सासूबाई डिंकाचा लाडू घेऊन समोर उभ्या राहत आणि तो संपेपर्यंत हलत नसत. त्यांनी भगताकडून अंगारा आणला, दोघींच्या कपाळाला लावला.

मग एकदा मुलीच्या मानेच्या वळीत साचलेला मळ त्यांना दिसला. मला त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या नणंदेशी, फोनवर. नणंद उरणला असते. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. स्वभावानं माझ्याहून खूप चांगली. असं ठरलं की मुलीला काही महिने उरणला ठेवायचं, मी धड झाले की परत आणायचं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय बोलले असते? पण मला कळत होतं, एकदा का ती त्या घरात रमली, नणंदेच्या कुशीत झोपायला लागली, की तिला परत मागायला मला तोंड राहणार नाही.

यांना ते पटत नव्हतं, पण आईपुढे हे बोलत नाहीत. तळोज्याच्या कंपनीत शिफ्टची नोकरी. एका सकाळी रात्रपाळी करून आले आणि न झोपताच मला पनवेलात डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा बाळंतपणानंतर होणारा आजार आहे, तुमचा दोष नाही. रोज एक गोळी घ्या, दूध पाजणं चालू ठेवा, आणि दर आठवड्याला शेजारच्या खोलीत मॅडम बसतात त्यांच्याशी येऊन बोला. गुण यायला वेळ लागेल, मध्येच सोडू नका.

दूध चालू ठेवा, हे मी ऐकलं होतं. पण घरी आल्यावर सासूबाईंनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, आईच्या पोटात जातं ते पोरीच्या पोटात जातं. मुलीला बाधेल म्हणून मला वांगंसुद्धा बंद होतं, मग गोळी कशी चालणार? मी कोणाला न विचारता माझ्यापुरती वाट काढली. एक दिवस गोळी, एक दिवस दूध. गोळीच्या दिवशी मुलीला वरचं दूध द्यायचं, माझं पिळून मोरीत टाकायचं. दुसऱ्या दिवशी गोळी नाही, मुलगी माझ्याजवळ. मला वाटलं, दोघींचंही भागेल. भागलं कोणाचंच नाही. छाती दगडासारखी होई, मुलगी चिडे, आणि माझं मन आणखी बुडत गेलं. घरात सगळे म्हणू लागले, गोळ्यांनी काही होत नाही.

मॅडमकडे जात होते, पण सासूबाई शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्या वतीनं उत्तरं देत. झोपत नाय, जेवत नाय, पोरीकडं बघत नाय. मी खाली फरशीकडे बघत बसे.

ज्या संध्याकाळी नणंद मुलीला न्यायला येणार होती, त्याच दिवशी मॅडमकडे जायचं होतं. रात्रीच्या जेवणाला बिरडं करायचं होतं आणि मोड आलेले वाल सोलायचे राहिले होते, म्हणून सासूबाईंनी डबाच बरोबर घेतला. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही सोलत होतो. माझं नाव पुकारलं तेव्हा मुलगी सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती. मॅडमनी दारातून पाहिलं आणि त्यांना म्हणाल्या, बाळ उठेल, तुम्ही इथेच बसा. मला म्हणाल्या, डबा आत आणा, सोलता सोलता बोलू.

हातात काम असलं की आमच्याकडच्या बायका मनातलं सगळं बोलतात. मी त्यातही गप्प असणारी. पण त्या दिवशी संध्याकाळ जवळ येत होती. अंगठ्यानं वालाचं साल सरकवत, वर न बघता मी म्हणाले, "मला वाटतं ती माझ्या हातातून पाण्यात पडंल. मी तिला आंघोळच घालत नाय."

"पडावी असं वाटतं, की पडेल अशी भीती वाटते?"

"भीती."

मॅडम म्हणाल्या, असे विचार पुष्कळ आयांना येतात, मनात आलं म्हणजे हातून घडतं असं नाही. मग त्यांनी गोळ्यांचं विचारलं. मी तेही सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. ही गोळी दूध पाजणाऱ्या बाईचा विचार करूनच दिली आहे, हे त्यांनी मला पुन्हा सांगितलं. हे सगळं सासूबाईंना सांगू का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी हातातला वाल सोलून डब्यात टाकला. मग हो म्हणाले.

सासूबाईंनी मुलीला खांद्यावर घेऊन उभ्यानंच ऐकलं. मग माझ्याकडे वळल्या.

"मला का नाय सांगितलंस?"

"तुमी पोरीला तवाच उरणला धाडली असती."

"धाडली असती," त्या म्हणाल्या. मग मॅडमना विचारलं, "नाय धाडली तर पोरीला धोका हाय काय?"

मॅडम म्हणाल्या, हिला एकटी ठेवू नका, आंघोळीला कोणीतरी सोबत राहा, गोळी रोज द्या, आणि जास्त वाटलं तर लगेच घेऊन या.

"म्हंजे मला आता दोन पोरी सांभाळायच्या," सासूबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

संध्याकाळी नणंद गाडी घेऊन आली. सासूबाईंनी उंबऱ्यातच तिला सांगितलं, पोर कुठं जात नाय. नणंदेनं उरणच्या घरी पाळणा टांगून ठेवला आहे, हे मला यांच्याकडून आधीच कळलं होतं. तिनं माझ्या मांडीवरून मुलीला घेतलं आणि अंधार पडेपर्यंत तिला खाली ठेवलं नाही. मला तिच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं.

निघताना तिनं मुलीला माझ्या हातात दिलं, तिचं झबलं सारखं केलं आणि विचारलं, "तुला आता बरं वाटतं ना गो?"

बरं वाटत नव्हतं. पुढेही बरेच दिवस वाटणार नव्हतं. पण तिनं मुलीला पुन्हा हातात घेऊ नये, म्हणून मी मान डोलावली.

"मंग झालं," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.