चिकटवलेल्या कागदाची पाठ

गणपतरावांनी जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर उघडं ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. बोट लाल होतं. भिवापूरची माणसं मिरचीच्या हंगामात कितीही हात धुवोत, बोटं तशीच राहतात.

"हे तुमीच लिवलं का, भाऊ?"

मी ओळ वाचली. ‘कर-विचार मंडळ, नागपूर. करांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी स्वतंत्र व निःपक्षपाती संस्था.’ मी तोऱ्यात हो म्हटलं. वाटलं, वाचक कौतुक करायला आलाय.

"मंग आमाले तुमीच मारलं," ते म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. तसं नव्हतं म्हणून मी हादरलो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडी आधीची ही गोष्ट. सीताबर्डीवरच्या एका प्रेसमध्ये मी संस्था-परिचयाच्या पुस्तकाचा संपादक होतो. संपादक म्हटलं की भारदस्त वाटतं. काम असं होतं: प्रांतातल्या शाळा, वाचनालयं, पेढ्या, मंडळं यांना आम्ही पत्रं धाडायचो. त्या आपापल्या माहितीचा कागद पाठवायच्या. तो कापून-छाटून मी चार-सहा ओळींची नोंद करायचो. पुस्तक कचेऱ्यांमधून ठेवलेलं असे. छापलंय म्हणजे खरं असणार असं लोक धरून चालत. खरं सांगायचं तर मीही तसंच धरून चालत असे.

गणपतरावांना बसवलं, पाणी दिलं, तेव्हा सगळा प्रकार कळला. ते भिवापूरहून नागपूरला मिरचीच्या गाड्या आणत. शहरातल्या करांचा विचार करायला एक कमिटी बसली होती. कर-विचार मंडळाने तिला रिपोर्ट दिला होता, की गिरणीच्या मालावरचा कर कमी करावा आणि त्याऐवजी शहरात येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीवर पट्टी बसवावी. गिरणीचा माल रेल्वेने येतो. मिरचीवाले मात्र गाड्याच आणतात, कारण अर्धा माल वाटेत उमरेडच्या बाजारात उतरवायचा असतो. गाडीपट्टी बसली तर उरलेला माल नागपूरला आणण्यात काही राम राहत नव्हता. आमचंही ऐका, असा अर्ज गाडीवाल्यांनी केला होता. त्यावर मंडळाचे सेक्रेटरी उभे राहिले आणि त्यांनी माझ्या पुस्तकातली ओळ खणखणीत आवाजात वाचली. अध्यक्ष म्हणाले, निःपक्षपाती संस्थेने सर्व बाजू तपासल्या आहेत, आता एकेकाला बोलावण्याची गरज दिसत नाही. सोमवारी निकाल होता.

"आमी बोललो आन् हारलो असतो, तं गोष्ट येगळी होती," गणपतराव म्हणाले. "आमाले तं बोलूच देऊन नाई राहिले. त्या मंडळात कोन कोन हाये, हे तरी तुमाले मालूम हाये का?"

मला माहीत नव्हतं. चार जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत जिच्याबद्दल माझा शब्द प्रमाण मानला जात होता, त्या संस्थेत कोण आहे हे मला माहीत नव्हतं. दुपारी चारला या, तोवर कागद काढून ठेवतो, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.

आमच्याकडे माहितीचे कागद ठेवायची एक पद्धत होती, आणि ती माझीच. कागद पातळ असत, हाताळून फाटत. म्हणून कागद आला की मागून खळ लावायची आणि तो पुठ्ठ्यावर चिकटवून टाकायचा. पुठ्ठे अक्षरवार लावलेले. कोणतीही नोंद दोन मिनिटांत सापडे आणि मी पाहुण्यांना ते कपाट अभिमानाने दाखवत असे.

‘क’मधला पुठ्ठा काढला. कागदावर तीच वाक्यं होती. ‘आम्ही स्वतंत्र व निःपक्षपाती आहोत.’ मी फक्त ‘आम्ही’ काढून ‘संस्था’ घातलं होतं. त्यांनी स्वतःची केलेली तारीफ माझ्या हातून साक्ष होऊन बाहेर पडली होती. इतकी वर्षं शेकडो नोंदी मी अशाच केल्या होत्या.

तेवढ्यात कागदाच्या कडेला मागच्या छपाईची पुसट सावली दिसली. मी ओलं फडकं फिरवून कागद हळूहळू सोडवला. पाठीवर बारीक टाइपात ‘आश्रयदाते’ अशी यादी होती. जिनिंगचे मालक, गिरणीचे दोन एजंट, कापसाचे अडते. गाडी हाकणारा किंवा पिकवणारा एकही नाही. यादीच्या खाली ‘मंडळाचे साहाय्यक’ होते. त्यातलं तिसरं नाव माझं.

मी ते पुन्हा वाचलं. खुर्ची ओढून बसलो आणि पुन्हा वाचलं.

ती नोंद लिहिण्याच्या आदल्या उन्हाळ्यात मंडळाचा एक रिपोर्ट मी इंग्रजीतून मराठीत करून दिला होता. मोबदला चोख मिळाला. त्यातून घरी शिवणाचं मशीन आलं. यात चोरीचं काही नव्हतं. पण त्यानंतर मंडळाचा कागद टेबलावर आला, तेव्हा ही माणसं कोण, असा प्रश्न माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. ओळखीची, वेळेवर पैसे देणारी, चहा पाजणारी माणसं; वाईट कशी असतील? त्यांनी यादी लपवली नव्हती. मीच तिच्यावर खळ फासली होती.

मालक दादासाहेबांसमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. मंडळाची सगळी छपाई आमच्याच प्रेसमध्ये होत असे. म्हणजे टेबलाच्या अलीकडचा मी आणि पलीकडचे दादासाहेब, दोघेही मंडळाच्याच पंगतीला बसलेले होतो.

नव्या आवृत्तीची प्रूफं चालू आहेत, त्यातून ‘निःपक्षपाती’ हा शब्द गुपचूप काढून टाक, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, आवृत्ती दिवाळीला निघेल, निकाल सोमवारी आहे. दादासाहेबांनी चष्मा काढून ठेवला.

"विनायक, शब्द तू लिहिलास, तूच परत घे," ते म्हणाले. "छपाई गेली तर माझं मी बघीन. पण जाशील तर सगळं सांग. अर्धं सांगू नकोस."

चारला गणपतराव आले तेव्हा त्यांना आश्रयदात्यांची यादी वाचून दाखवली. तेवढीच. खालच्या नावांवर माझा अंगठा होता.

सोमवारी कमिटीपुढे उभा राहिलो. अध्यक्ष मला ओळखत होते. मी सांगितलं, की ‘निःपक्षपाती’ हा माझा निष्कर्ष नाही. मंडळाने स्वतःबद्दल लिहून दिलेला शब्द मी न तपासता छापला. आश्रयदात्यांची नावं वाचली. मागे गणपतराव टोपी हातात घेऊन बसले होते. आता माझं नाव घ्यायचं होतं. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, एवढंच.

सेक्रेटरी शांतपणे उठले. वकील माणूस, हसतमुख. त्यांच्या हातात त्याच कागदाची दुसरी प्रत होती, न चिकटवलेली.

"अध्यक्षमहाराज, या गृहस्थांनी यादी पूर्ण वाचली नाही. साहाय्यकांत तिसरं नाव यांचं आहे. आमच्याकडून पैसे घेऊन हे काम करत होते. आमचाच माणूस आज कोणाच्या सांगण्यावरून उलटला, हे विचारावं."

सभागृहात कुजबुज झाली. मी वळून गणपतरावांकडे पाहिलं. ते माझ्याकडे असे पाहत होते, की जमीन दुभंगावी असं वाटलं. दादासाहेबांनी बजावलं होतं, आणि मी नेमकं अर्धंच सांगितलं होतं.

"हे खरं आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"खरं आहे. मीच आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

अध्यक्षांनी माझं पुस्तक पुढे ओढलं, ती ओळ पुन्हा वाचली आणि सेक्रेटरींना विचारलं, "म्हणजे ही नोंद लिहिली तेव्हा हे तुमचे होते?"

सेक्रेटरींचं हसू गेलं. हो म्हणावं तर प्रशस्तिपत्र घरचंच ठरत होतं. नाही म्हणावं तर आत्ताच केलेला आरोप खोटा पडत होता. ते खाली बसले. मंडळाचा रिपोर्ट एका बाजूचं म्हणणं म्हणून ठेवावा, गाडीवाल्यांना पुढच्या बैठकीला बोलवावं, आणि माझी साक्ष कोणाच्याच बाजूने धरू नये, असं अध्यक्षांनी लिहवून घेतलं. शेवटचं मला झोंबलं. पण ते बरोबर होतं.

गाडीवाले बोलले. गाडीपट्टी बसली नाही. मंडळाची छपाई दुसऱ्या प्रेसकडे गेली आणि दादासाहेबांनी त्याचा कधी उल्लेख केला नाही. नव्या आवृत्तीत मंडळाच्या नोंदीत आश्रयदाते कोण ते आलं, आणि या नोंदीच्या लेखकाने मोबदला घेऊन मंडळाचं काम केलं आहे, हेही आलं. ती ओळ मी स्वतः शेजारी उभं राहून खिळ्यांत जुळवून घेतली. कंपोझिटरने मला दोनदा विचारलं, ठेवायची ना नक्की?

हिवाळ्यात गणपतराव आले. बरोबर मिरचीची पिशवी आणि त्यांच्या नव्या मिरची-उत्पादक संघाच्या माहितीचा कागद. मी पिशवी परत दिली. नोंद लिहायची असताना घेता येत नाही, म्हटलं. ते थोडे नाराज झाले. घरी बायको बरीच नाराज झाली.

मग कागद घेतला. आधी पाठ पाहिली, कोरी होती. उलटून पुढून वाचला. पहिलंच वाक्य होतं, ‘आमचा संघ स्वतंत्र व निःपक्षपाती आहे.’ मी पेन्सिलीने त्यावर रेघ मारली.

"काहून गा?" गणपतरावांनी विचारलं. "आमी तं खरंच हावो."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, आधी संघात कोण कोण आहे ते सांगा. त्या दिवसापासून कागद चिकटवणं बंद केलं. आता दोऱ्यात ओवतो.