पाठ फिरवणारा म्हातारा

मी पुण्यातल्या एका कंपनीत व्हिडिओ गेम तपासायचं काम करते. गेम बाजारात येण्याआधी तो शेकडो वेळा खेळायचा आणि कुठे अडकतो, कुठे आवाज मागे पडतो, कुठे माणूस भिंतीतून आरपार जातो, ते लिहून पाठवायचं. आमच्या घरी हे काम कुणाला फारसं कळलं नव्हतं. विचारलं तर आई 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगायची.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आबा, म्हणजे माझे आजोबा, गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. नंदुरबारला ऑपरेशन झालं. आईला एकटीला त्यांचं सगळं झेपत नव्हतं, म्हणून मी कंपनीकडून घरून काम करायची परवानगी घेतली आणि गेमचं यंत्र बॅगेत घालून गावी आले. सारंगखेड्यापासून थोड्याच अंतरावर, तापीच्या काठाला आमचं गाव. ऊस, केळी, कापूस. घरात मोठा टीव्ही एकच, तो बैठकीत, आणि आबांची खाटही तिथेच लावलेली. त्यामुळे माझं ऑफिस आणि त्यांचा दवाखाना एकाच खोलीत भरायला लागला.

आबांबद्दल सांगायचं तर ते कधी ओरडले नाहीत. मी त्यांना चढ्या आवाजात बोलताना एकदाही ऐकलं नाही. ते हळू बोलायचे आणि एकदाच बोलायचे. माझे वडील पंचावन्न वर्षांचे होते, तरी कोणत्या शेतात कधी पाणी सोडायचं हे सकाळी आबांना विचारून मगच बाहेर पडत.

वडिलांना एक धाकटा भाऊ. काका तळोद्याच्या बाजूला एका आश्रमशाळेत शिक्षक आहेत. तिथल्याच एका शिक्षिकेशी त्यांनी लग्न केलं. तिचं माहेर सातपुड्यातल्या एका आदिवासी पाड्यावरचं. तेव्हा मी चौथीत होते. आबांनी काही आदळआपट केली नाही. आमच्या विहिरीच्या कठड्यावर, बांधकाम ओलं असताना, दोन्ही भावांनी लहानपणी काडीने आपापली नावं कोरली होती. आबांनी वडिलांच्या हातात छिन्नी आणि हातोडी दिली आणि त्यातलं काकांचं नाव काढून टाकायला सांगितलं. वडील दुपारभर उन्हात बसून ते नाव फोडत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर घरात काकांचा विषय निघाला नाही.

मी गावी आले तेव्हा माझ्याकडे तपासायला मारामारीचा एक गेम होता. त्या गेमचे आधी बरेच भाग आलेले होते, आणि सगळ्या भागांच्या मध्यभागी एकच घराणं होतं. त्या घराण्याचा प्रमुख एक म्हातारा. तुळतुळीत डोकं, जाड मान, अनवाणी. तो एकाच हाताने लढायचा, दुसरा हात कायम पाठीमागे. जागचा हलायचा नाही. समोरचा अंगावर आला की त्याचं मनगट पकडायचा आणि त्याला जमिनीवर आपटायचा. दर भागात त्याचं कुणी ना कुणी मूल त्याच्यासमोर उभं राहायचं. एकाला गादी हवी असायची, एकाला आईचा सूड घ्यायचा असायचा, एकाला फक्त घरी परत यायचं असायचं. म्हातारा सगळ्यांना सारखंच वागवायचा. जिंकला की पडलेल्या मुलाकडे पाठ फिरवायचा आणि जाऊन आपल्या आसनावर बसायचा. खेळणाऱ्या लोकांना तो फार आवडे. कंपनीत आम्ही त्याला नुसतं म्हातारा म्हणत असू.

पहिले काही दिवस आबा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मग एका दुपारी मागून आवाज आला.

"हाऊ डोकरा कोन शे?"

मी सांगितलं की हा त्या घरातला मोठा माणूस, आणि तो ज्याच्याशी लढतोय तो त्याचा मुलगा.

"सोताना पोऱ्याले मारस?"

मी हो म्हटलं. आबा थोडा वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी आईला हाक मारून पाठीमागे आणखी एक उशी लावायला सांगितली.

त्या दिवसापासून ते रोज बघायला लागले. गेममध्ये लढायांच्या मधे गोष्टीचे प्रसंग असत, ते इंग्रजीत. मी ते अहिराणीत सांगायची. आबा प्रश्न विचारायचे. मोठ्या मुलाला हाकललं तेव्हा त्याचं वय काय होतं? तो कुठे राहिला? त्याला लेकरं आहेत का? आणि एकदा त्यांनी विचारलं की तो मुलगा परत येतो का. मी म्हटलं, येतो, याच भागात पुढे. आबांनी मान हलवली आणि म्हणाले की येणारच, घर सोडून कुठे जाईल.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला हे सांगितलं. आई भाकरी थापता थापता थांबली. इतक्या वर्षांत आबांनी पहिल्यांदा असं काही विचारलं होतं. आम्हा दोघींना वाटलं की म्हातारपण आणि दुखणं यांनी माणूस नरम पडलाय, आणि त्या परक्या गोष्टीच्या आडून ते आपल्याच मुलाची चौकशी करताहेत. चौकशी करत होते हे खरंच होतं. नरम पडल्याचं मात्र आम्ही आमच्या मनाने ठरवलं.

मग त्यांनी मला खेळायला शिकवायला सांगितलं. रिमोट, म्हणजे खेळायच्या बटणांचा ठोकळा, ते दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. मी त्यांना सोप्या माणसांपासून सुरुवात करायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, त्यांना म्हाताराच हवा होता. मी पाच-सहा डाव दाखवले. त्यातला त्यांनी एकच घेतला, मनगट धरण्याचा. तो अवघडच होता, कारण समोरच्याने हात उगारायच्या क्षणीच दाबावं लागतं, आधी नाही, नंतर नाही. दुपारी जेवण झालं की दोन ते पाच ते तेवढंच करत बसायचे. मी लॅपटॉपवर माझ्या नोंदी लिहायची आणि मागून एकच आवाज येत राहायचा, पकडल्याचा आणि आपटल्याचा. गणपती गेले, दसरा गेला. वॉकर धरून ते अंगणापर्यंत जायला लागले, तरी दोनच्या आत परत येऊन बसायचे. महिनाभराने ते दहातले चार धरत. दिवाळीपर्यंत दहातले आठ. कंपनीतली पोरंसुद्धा त्या डावात इतकी चोख नव्हती. मला अभिमान वाटायचा, हे आता लिहिताना लाज वाटते.

एकदा जिंकल्यावर ते पडद्याकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, "घर त्यानं शे. मंग?"

घर म्हाताऱ्याचं, मग तो मारणारच, असं ते म्हणत होते; मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी हसले.

डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा भरली, तिथल्या बाजारात विकायचे घोडे भरलेल्या गाड्या आमच्या गावावरून जायला लागल्या. त्याच सुमाराला काकांचा मला फोन आला. आबांचा खुबा मोडल्याचं त्यांना कुणाकडून तरी उशिरा कळलं होतं. त्यांनी फक्त तब्येत विचारली. मीच बोलले. म्हटलं, तुम्ही या, आबा बदललेत. ते विचारतात. काय विचारतात, असं काकांनी दोनदा विचारलं. मी गेमबद्दल काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, मुलगा परत येतो का म्हणून विचारतात. काका म्हणाले, रविवारी येतो.

ते रविवारी दुपारी एकटेच आले. केस बरेच पिकले होते. हातात मधाची बाटली होती, डोंगरातला मध, हाडाला चांगला म्हणून आणलेला. आई दारातच रडली. वडील शेतातून आले होते, ते ओसरीच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि पुढे आले नाहीत. काका बैठकीत गेले आणि वाकून आबांच्या पाया पडले. आबांनी पाय मागे घेतले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी काकांना निरखून पाहिलं आणि मला टीव्ही लावायला सांगितलं.

मी लावला. मला वाटलं, त्यांना आपलं कसब मुलाला दाखवायचंय. त्यांनी स्वतःचा म्हातारा निवडला, आणि काकांसाठी माणूसही स्वतःच सांगितला. तो हाकललेला मोठा मुलगा.

"बठ," आबा म्हणाले. "खेय."

काकांनी रिमोट हातात घेतला. पडद्यावर दोघे समोरासमोर उभे राहिले. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांना बटणं सांगायला लागले, तोच आबांनी हात वर करून मला गप्प केलं. काका पडद्याकडे बघत राहिले. त्यांना खेळता येत नव्हतं, पण हे काय चाललंय ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात पालथे ठेवले.

त्यांचा माणूस नुसता उभा होता. हात उगारतच नव्हता, म्हणून आबांचा डाव लागेना. शेवटी म्हातारा पहिल्यांदाच जागचा हलला, चालत जवळ गेला आणि उभ्या मुलाला एका हाताने मारत राहिला. मुलगा पडला, उठून उभा राहिला, पुन्हा पडला. लढाई संपली. आबांनी दुसरी सुरू केली. मग तिसरी. आईने आणलेला चहा कोनाड्यात तसाच राहिला. बाहेरून यात्रेला चाललेल्या गाडीतला एक घोडा खिंकाळला, आणि आत तो एकसुरी माराचा आवाज. सहा लढाया झाल्या की सात, मी मोजणं सोडून दिलं होतं.

"हात चालाड," आबा म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही.

काका म्हणाले, "मी तुम्हनासंगे लढाले नही उनू, आबा."

"मंग काबर उना?"

काकांनी रिमोट खाटेवर ठेवला, पुन्हा वाकून पाया पडले आणि बाहेर आले. ओसरीवर वडिलांपाशी क्षणभर थांबले. मला वाटलं वडील आता काहीतरी बोलतील. वडील चपलांकडे बघत होते. काका पायीच फाट्याकडे निघाले.

मी टीव्ही बंद करायला गेले तेव्हा आबांनी नको म्हटलं आणि वडिलांना हाक मारली. वडील आत आले. आबांनी खाटेवरच्या रिमोटकडे बोट दाखवलं. वडील, ज्यांनी आयुष्यात या गोष्टीला हात लावला नव्हता, खाली बसले आणि त्यांनी तो उचलला. सुरुवातीला त्यांची तीन-चारदा मनगटं धरली गेली. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चढलं. ते सगळी बटणं एकदम दाबायला लागले, अंगठे पांढरे पडेपर्यंत, दातावर दात रोवून, आणि त्या अंदाधुंद माराला आबांचा तो एक डाव पुरेना. कधी कुठून हात येतोय तेच कळत नव्हतं. मी त्यांना थांबा म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसावं. पडद्यावर म्हातारा गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. वडील त्यानंतरही दाबतच होते.

मला वाटलं, आबा आता संतापतील. आबांच्या तोंडावर हसू होतं. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा कधी बघावंसंही वाटलं नाही.

"आते व्हयना तू मन्हा पोऱ्या," ते वडिलांना म्हणाले. आता कुठे माझा मुलगा झालास, असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आबांना काही न विचारता शेतावर गेले. सालदाराला, म्हणजे आमच्याकडच्या वर्षाच्या गड्याला, त्यांनी केळीचं पाणी बंद करायला सांगितलं, आणि त्याने का म्हणून विचारलं तर त्याच्याकडे नुसतं पाहिलं. संध्याकाळी आईने त्यांच्याजवळ काकांचं नाव काढलं. वडील हळू आवाजात म्हणाले की या घरात तो विषय नाही. आई माझ्याकडे बघत राहिली. तो आवाज आम्ही दोघींनी ओळखला होता.

मी पंधरा दिवसांत पुण्याला परतले. यंत्रही घेऊन आले, आणि आबांनी ते ठेवून जा म्हटलं नाही, त्यांचं त्यातलं काम संपलं होतं. उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. काका आले होते, पण वडिलांनी त्यांना खांदा देऊ दिला नाही. 'तू मागून चाल,' एवढंच म्हणाले आणि काका मागून चालले, तापीच्या घाटापर्यंत.

या वर्षी काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका आमच्या घरी आली. वडिलांनी फोन करून मला सांगितलं की आपल्याकडून कुणी जाणार नाही. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी फोन ठेवला. मी रजा टाकली, तळोद्याला उतरले आणि तिथून जीपने वर गेले. मांडव पळसाच्या झाडांमध्ये घातला होता, ढोल वाजत होते. काका लोकांना पाणी देत होते. मला बघून त्यांनी हातातला जग खाली ठेवला.

"दादाले सांगीसन उनी का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, वडिलांना सांगितलेलं नाही.

काकांनी मला हाताला धरून बायकांमध्ये नेऊन बसवलं आणि पान वाढायला सांगितलं. मी जेवले, नवरीला हळद लावली, दुसऱ्या दिवशी निघाले. नंदुरबार स्टेशनवरून आईला फोन केला. तो वडिलांनी उचलला. मी दोनदा हॅलो म्हटलं, मागे नंदुरबारची घोषणा चालू होती. त्यांचा श्वास ऐकू येत होता, तरी ते बोलले नाहीत. या गोष्टीला आता पाच महिने झाले. आई फोनवर माझ्याशी बोलते, ती वडील शेतावर असले तरच.