धाकटीचा जर्मन टीव्ही

माझी धाकटी जाऊ टीव्हीवरचं स्टिकर काढायलाच तयार नव्हती. भिंतभर टीव्ही, कोपऱ्यात ब्रँडचं इंग्रजी नाव, आणि नावातल्या एका अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं. कुणी विचारलं की म्हणायची, "जर्मन आहे वाटतं." वाटतं म्हणे! मजल्यावरच्या बायका आधी टीव्हीकडे बघायच्या, मग तिच्याकडे, आणि मग हळूच माझ्याकडे.

आम्ही दोघी भोईवाड्यात एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, मध्ये तीन दारं. मी थोरली, म्हणून सासूबाई माझ्याकडे. लग्न झाल्यापासून बघतेय, संध्याकाळी सात वाजले की आई माझ्या टीव्हीसमोर. धाकटीचा टीव्ही आला आणि चौथ्याच दिवशी त्यांनी सात वाजता पानाची चंची उचलली, पायात चपला सरकवल्या. "जरा जावन येतंय गो," म्हणाल्या. मग रोज तेच. परत यायच्या ते थेट जेवायला. थोरलीकडची सासू धाकटीकडे रमते, हे अख्ख्या मजल्याला दिसत होतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. आईंनी पुन्हा माझ्याकडे बसावं, एवढंच मला हवं होतं. त्यापायी धाकटीची थोडी जिरली असती तर दुधात साखर.

नवऱ्याला म्हटलं, आपणही मोठा घेऊ. "आपला काय बिघडलाय?" म्हणाला आणि पुन्हा मोबाईलमध्ये घुसला. बिघडला नव्हता, हेच तर माझं दुखणं होतं.

मग एकदा परळच्या मॉलमध्ये मिक्सर घ्यायला गेले. बघते तर मिक्सरवर तेच नाव, तीच टिंबं. इस्त्रीवर तेच. टेबलफॅनवरही तेच. तिथल्या सेल्समनला विचारलं, "हे जर्मन ना?"

तो हसला. "नाही हो मॅडम, आमच्या दुकानाचाच ब्रँड आहे. बाहेर कुठे मिळणार नाही. नाव फक्त फॉरेनचं ठेवलंय, लोकांना बरं वाटतं."

अग्गंबाई! मिक्सर राहिला तिथेच. बसमध्ये मी एकटीच हसत होते, बाजूची बाई सरकून बसली.

घरी कुणाला सांगितलं नाही. संक्रांत तोंडावर आली होती आणि हळदीकुंकू धाकटीकडे होतं. काळी साडी नेसून गेले. बाईसाहेबांनी टीव्हीच्या कडेलाही हळदीकुंकू लावलेलं! मजल्यावरच्या सगळ्या जमल्या होत्या, आई खाटेवर बसल्या होत्या. वाण घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला, आणि गोड बोलायच्या त्या दिवशी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "काय गं, तुझी जर्मनी परळच्या मॉलमध्ये आहे, माहितीये का? दुकानदारानं घरचं नाव ठेवलंय. त्याच नावाची इस्त्रीपण मिळते."

दोघीतिघी फिसकन हसल्या. मी धाकटीचं तोंड पडायची वाट बघत होते.

तिनं कुंकवाचा करंडा खाली ठेवला. "माहितीये ताई. घेतानाच सांगितलं होतं दुकानवाल्यांनी. सगळ्या कौतुकानं विचारायच्या, मग मीही ठोकून द्यायचे. कंपनीचा एवढा मोठा आम्हाला कुठला परवडणार? आणि मोठाच हवा होता. आईंना डाव्या डोळ्यानं दिसत नाही ना, उजव्यानंही अंधूकच."

मी आईंकडे वळले. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "तुका सांगूचो धीर नाय झालो गो," म्हणाल्या.

कसा होणार? माझ्याकडे त्या टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसायच्या, आणि मी रोज स्वयंपाकघरातून खेकसायचे, "आई, मागे व्हा की, पोरांना दिसत नाही!" त्या गुमान मागे व्हायच्या. वर्षभर तरी त्यांनी माझ्या घरात मालिका नुसत्या ऐकल्या असतील.

मला तिथेच रडू यायला हवं होतं. आलं, पण नंतर, घरी गेल्यावर. खोटं कशाला बोलू? सगळ्यांसमोर उभी असताना पोटात पहिली आग उठली ती वेगळीच: सासू माझ्या घरात राहते, आणि तिला दिसत नाही हे आधी हिला कसं कळलं?