साहेबाच्या कोठडीतला फोटो

इंग्रजांच्या काळात रेवसच्या अलीकडच्या एका बंगल्यात मिठाच्या खात्याचा गोरा साहेब राहायचा. मिठागरातून कुणी धोतराच्या सोग्यात मूठभर मीठ बांधून नेताना सापडला, की त्याला बंगल्यामागच्या कोठडीत कोंडत. हिरामण पाटलाचा आजा तिथे कोंडला गेला होता. सुटून आल्यावर तो पुन्हा कधी ताठ चालला नाही, असं घरात सांगत. म्हणून हिरामणच्या घरातलं कुणी त्या आवारात पाऊल टाकत नसे.

ट्रक चालवून चालवून हिरामणची कंबर गेली आणि तो घरी बसला. त्याच सुमाराला गावातल्या मंडळींनी बंगल्याचं संग्रहालय करायचं ठरवलं. समितीचे चिटणीस यज्ञेश्वरभाऊ, नारळी-पोफळीच्या वाडीचे मालक, स्वतः त्याच्या दारी आले.

"तुझ्या आज्याची गोष्ट लोकांना कळायला हवी, हिरामण. त्याच्या नावाची पाटी लावू. राखण तू कर आणि सांगायचंही तूच."

हिरामणला ते पटलं. कोठडी त्यानेच साफ केली. वटवाघळांच्या लेंड्यांचा घोटाभर थर, त्यात मेलेली घूस. नखांतला वास कितीतरी दिवस गेला नाही. पण पाटी लागली तेव्हा तो बायकोला, ठमीला, मुद्दाम घेऊन आला. शाळेच्या सहली यायच्या. मुलं कोठडीच्या दाराशी आली की आपोआप गप्प व्हायची. ते त्याला फार आवडायचं.

मग सहली कमी झाल्या. समितीने फोटोसाठी साहेबी टोप्या, छड्या आणि गुडघ्यापर्यंतचे बूट आणून ठेवले. अलिबागकडच्या बंगल्यांतले शनिवार-रविवारचे पाहुणे येऊ लागले. कोठडीत बाटल्या सापडू लागल्या. एकदा कुणी कोपऱ्यात मुतून गेलं. हिरामणने नाकाला फडकं बांधून फरशी धुतली आणि भाऊंना सांगितलं. "पर्यटन म्हटलं की एवढं चालायचंच," भाऊ म्हणाले.

एका रविवारी कुणाच्या तरी वाढदिवसाची मंडळी आली. टोपी, बूट चढवलेला एक गोरागोमटा माणूस कोठडीत उभा राहिला. त्याला फोटो काही मनासारखा जमेना.

"काका, तुम्ही जरा खाली बसा ना. हात जोडा. खरं वाटेल."

हिरामणने पाहुण्यांबरोबर आलेल्या यज्ञेश्वरभाऊंकडे पाहिलं.

"बस रे मिनिटभर. मोठे पाहुणे आहेत."

आणि हिरामण बसला. पाठीवर बूट आला. तोंडावर दारूचा भपकारा आला. "रडका चेहरा करा, काका!" कुणीतरी ओरडलं. त्याने तोही केला. सगळी खो खो हसली.

घरी येऊन त्याने अंगावर पाणी घेतलं, पुन्हा घेतलं. ठमीने बोंबलाचं कालवण वाढलं. पहिल्या घासालाच तो ताटावरून उठला. काय झालं ते त्याने सांगितलं नाही.

त्याची मुलगी मृणाली अलिबागला कॉलेजात होती. त्या आठवड्यात घरी आली आणि तिने मोबाईल पुढे धरला. संग्रहालयाच्या पानावर तो फोटो होता. वर लिहिलं होतं, 'साहेबाच्या राज्यात एक दिवस!' मागे भिंतीवर तिच्या पणज्याच्या नावाची पाटी स्पष्ट दिसत होती.

"बाबा, तुम्ही बसलात कशाला?"

हिरामण जागेवरून उठला. तडक बंगल्यावर गेला. टोप्या, छड्या, बूट सगळं अंगणात टाकलं, रॉकेल ओतून पेटवलं. जळक्या चामड्याची घाण शेजारच्या वाडीपर्यंत गेली. भाऊ धावत आले, तोवर हिरामणने भिंतीवरची पाटी उचकटली होती.

"अरे, ती पाटी संग्रहालयाची आहे!"

"नाव माझे आज्याचं हाय," हिरामण म्हणाला आणि पाटी काखेत मारून निघाला.

बोभाटा नको म्हणून समितीने तक्रार केली नाही. फोटो काढून टाकला. टोप्या मात्र नवीन आल्या.

महिन्याभराने भाऊ घरी आले. ओटीवर बसले, कपाळ पुसलं.

"झालं ते झालं, हिरामण. परत ये. लोक विचारतात आज्याची गोष्ट, सांगायला कुणी नाही."

हिरामण म्हणाला, "आज्याला तवा ढकलून बसवला होता, भाऊ. मी माझा मी बसलो. आता ती गोष्ट सांगाया गेलो तर तोंडाला घाण सुटल."

"तू फारच मनाला लावून घेतोस."

ठमीने चहा आणून दिला. भाऊंनी तो सावकाश प्यायला. उठता उठता त्यांना आठवलं. "येत्या रविवारी मोठा ग्रुप आहे. त्यांना गावचं जेवण हवंय. ठमी, तांदळाच्या शंभरेक भाकऱ्या करून देशील का?"

"न्हाय," ठमी म्हणाली आणि कप उचलून आत गेली.